आधीची नोकरी का सोडली

रत्नागिरी
१२ जानेवारी २००२

रशीद,

माझी नोकरी गेली. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून आधी तेवढंच लिहिते. एखादी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कळली की माणसाचं काय होतं, ते तू मला एकदा आपल्या अंगणात उभं राहून सांगितलं होतंस. मी विसरलेले नाही.

गेली म्हणजे मी सोडली नाही. मला काढलं. हॉस्पिटलनं दिलेल्या कागदावर 'सेवा समाप्त' असं लिहिलंय आणि खाली कारण दिलंय: रुग्णाची माहिती परस्पर दिली. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांच्या नोकरीचा कागद जरा मोठा असेल.

झालं ते असं. ऑक्टोबरात जयगडचे एक गृहस्थ आमच्याकडे दाखल होते. त्यांचा मुलगा फुजैल बहारीनला पाण्याचा टँकर चालवायचा. तिकडे दोन खेपांच्या मधे वेळ काढून तो रोज फोन करायचा. "आपा, जयगडवाला फुजैल बोलतोय. बाबा जेवले काय?" मी म्हणायची, थांबा हां, वॉर्डात विचारते. वर जाऊन यायची आणि सांगायची, पेज घेतली. एवढ्यावर त्याचं समाधान व्हायचं. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण रोज संध्याकाळी त्याच्या फोनची वाट बघायची सवय मला लागली होती.

ते गृहस्थ एका दुपारी गेले. गाडी जयगडला निघताना फुजैलचा मामा काउंटरवर आला आणि म्हणाला, भाच्याचा फोन आला तर सांगा, बाबा झोपलेत. परवा आम्ही सांगू, आमच्या पद्धतीनं.

त्याची पद्धत ती आपल्या सगळ्यांची पद्धत. आखातातल्या माणसाला फोनवर मौत सांगायची नाही. 'जरा जास्त आहे' म्हणायचं. 'जरा जास्त आहे' म्हणजे काय ते सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त फोनच्या पलीकडच्याला नसतं.

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी त्याला खरं सांगितलं. म्हटलं, फुजैल, तुझे बाबा दुपारी गेले. का सांगितलं हे निदान तुला तरी समजावून द्यायला नको. मग लाईन कट झाली.

मामानं तक्रार केली आणि मला काढलं. मोठ्या डॉक्टरांचं तसं चुकलं नाही. नातेवाईकांनी सांगू नका म्हटलं होतं आणि मृत्यू सांगणं हे फोनवरच्या बाईचं काम नाही.

परवा मारुती मंदिराजवळच्या एका नव्या नर्सिंग होममध्ये मुलाखतीला गेले होते. अम्मीची फिकट निळी साडी नेसले होते. तिथल्या तरुण डॉक्टरनं पाणी दिलं, बसा म्हणाला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, आधीची नोकरी का सोडली? मी म्हटलं, स्वतःहून सोडली, जरा बदल हवा होता. तो हसला. वाईट हसला नाही. म्हणाला, बाई, तुमच्या मोठ्या डॉक्टरांशी माझं सकाळीच बोलणं झालंय.

या गावात माणूस पोचायच्या आधी त्याची गोष्ट पोचते. हे मला ठाऊक असायला हवं होतं. आयुष्यभर मी टेलिफोनवरच तर बसले होते.

तुझा ड्राफ्ट आला. पाकिटात नेहमीसारखा नुसताच ड्राफ्ट होता. मी उलटसुलट करून बघितलं, मागे काही लिहिलंय का. तो मी कपाटात ठेवला आहे, आधीच्यांबरोबर. परत पाठवत नाही, वटवतही नाही. भावाचे पैसे घ्यायला मला लाज नाही रे. पण त्याबरोबर एक ओळ तरी हवी. माझं मी कमावते तोवर त्या ओळीची वाट बघणं मला परवडतं, म्हणून नोकरी हवी आहे.

कपाटावर तू आखातातून अम्मीसाठी आणलेली हवेची गादी आहे. अजून खोक्यातच आहे.

रझिया


रत्नागिरी
३१ जानेवारी २००२

रशीद,

मिरकरवाड्यात एका बर्फाच्या कारखान्याला फोन घ्यायला माणूस हवा होता. मालक म्हातारा आहे, पान खाणारा, अब्बांना ओळखायचा. मला बघून म्हणाला, ये गो ये, तू आमच्या खलाशाची पोर. मला बरं वाटलं. वाटलं, इथे कुणी काही विचारणार नाही.

विचारलंच. मी या वेळी थोडं खरं सांगायचं ठरवून गेले होते. म्हटलं, हॉस्पिटलचा एक नियम माझ्या हातून मोडला. त्यानं डोळे बारीक केले. कुठला नियम? मी सांगितलं, एकाला मौतीची बातमी फोनवर दिली. त्यानं पान गालात सारलं आणि म्हणाला, "बाय, आमच्याकडे फोन आला की बर्फाचा भाव सांगायचा. कोण मेला, कोण जगला, ते सांगायला मशीद आहे."

बाजूला बसलेले बोटींवरचे दोघे तांडेल हसले. मीही हसले. तुला खोटं वाटेल, पण मला खरंच हसू आलं.

मग तो गंभीर झाला. म्हणाला, माझी दोन पोरं बोटीवर असतात. उद्या समुद्रात काही झालं तर पहिला फोन इथे येणार. तुझ्यासारखी बाई तो घेणार आणि तशीच्या तशी माझ्या बायकोला सांगणार. मला नको ते. मला अशी बाई पाहिजे, जी आधी मला बोलावेल.

मी उठले. त्यानं जाताना पिशवीत दोन बांगडे बांधून दिले. नोकरी नाही दिली तरी माणसाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत आपल्याकडे.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. फुजैल फोनवरून थेट टँकरवर चढला. त्याचा फोरमन बाहेर हॉर्न वाजवत होता म्हणे. थोड्याच अंतरावर त्यानं टँकर भिंतीवर घातला. दुसरं कुणी मेलं नाही, ही अल्लाची मेहरबानी. पण त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. तिकडेच ऑपरेशन झालं, सळी घातली, आणि कंपनीनं त्याला घरी पाठवून दिलं.

मामा तक्रार करायला आला तेव्हा आरडाओरडा करील असं सगळ्यांना वाटलं होतं. तो ओरडला नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून मला म्हणाला, "बाप अल्लानं नेला. पोराचा पाय तुम्ही नेलात."

आता मुलाखतीत कुणी विचारलं की हेच वाक्य आधी माझ्या कानात येतं. मग मी बाकी काय बोलते ते माझं मलाच ऐकू येत नाही.

मी तुला हे दया यावी म्हणून लिहीत नाही. मला एवढंच विचारायचंय. तू त्या दिवशी अंगणात म्हणालास, "आपा, शेवटचं तोंड दिसलं नाही ते नशीब. पण मी विमानात, गाडीत, सगळ्या वाटेनं अम्मी बरी व्हावी म्हणून दुवा मागत होतो. ती मातीत होती आणि मी तिला गादी घेऊन येत होतो. सगळं गाव शहाणं होतं, एक मी वेडा." हे ऐकल्यावर दुसऱ्या कुणाला तरी वेडा ठरवायला माझी जीभ कशी वळली असती? तूच सांग. मी फुजैलला सांगितलं, पण बोलत होते मी तुझ्याशी.

रझिया


रत्नागिरी
४ मार्च २००२

रशीद,

बकरी ईद गेली. शेजारच्या सगुणाकाकीला शिरखुर्मा नेऊन दिला तर ती म्हणाली, "औंदा पण साखर कमी पडली गो." साखर तेवढीच होती. अम्मी चव घ्यायची आणि मग दोन चमचे वाढवायची, ते राहिलं.

मला नोकरी मिळाली होती. मी ती घेतली नाही. तुला सगळं सांगते.

आनंदीबाई आठवतात का, आमच्या हॉस्पिटलातल्या आया? अम्मीला त्याच न्हाऊ घालायच्या. त्या घरी आल्या आणि मला रागावल्या. म्हणाल्या, "खरं सांगून तुझं काय भलं झालं? सगळी दुनिया सांगते तेच सांग. आई आजारी होती, तिच्या सेवेसाठी सोडली. आई म्हटलं की पुढं कोण विचारत नाही."

खेडला एका डोळ्यांच्या दवाखान्यात जागा होती. डोळ्यांच्या दवाखान्यात कुणी मरत नाही, म्हणून मला ती आवडली होती. सकाळच्या गाडीनं गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, केस थोडे पिकलेले. त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? मी म्हटलं, आई आजारी होती. तिच्यासाठी सोडली.

शब्द किती सहज आले, रशीद. जणू तोंडात ठेवलेलेच होते. दोन वर्षांपूर्वी तुलाही मी हेच शब्द दिले होते. अम्मीला जरा जास्त आहे, तू निघ.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा इतका मऊ झाला. म्हणाल्या, "आता कशा आहेत आई?"

मी म्हटलं, "बऱ्या आहेत."

त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. पहिल्या तारखेपासून या म्हणाल्या. राहण्यासाठी एक खोली बघून देते म्हणाल्या. मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारली. "आणि हे बघा, आईंना कधी बरं नसलं तर संकोच करू नका. सरळ सुट्टी मागा."

मी स्टेशनवर आले. गाडीला वेळ होता. खेडचं स्टेशन मी कधी निरखून बघितलं नव्हतं. जिथे पाण्याचे नळ आहेत तिथे मी बसले. तुझी गाडी याच फलाटावर थांबली असेल. आपल्या आळीतला बाबू इथेच डब्यात चढला असेल. तुला बघून त्याला वाटलं असेल, तुला माहीतच आहे. तुझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "रशीद, आई लाखात एक होती रे. काल मातीला मी पण होतो." बाबू अजूनही मला रस्त्यात दिसला की मान खाली घालतो. म्हणतो, आपा, मला काय ठाऊक, त्याला सांगितलं नव्हतंत ते.

खेडपासून रत्नागिरीपर्यंत गादीचं खोकं मांडीवर घेऊन तू कसा बसलास, ते मी त्या दिवशी प्रथमच नीट मनात आणलं. आजवर आणलं नव्हतं. मी नेहमी माझ्याच बाजूनं विचार करत आले. अम्मीचं सगळं मी केलं. शेवटच्या अंघोळीचा गुसल मी दिला, कफन मी आणलं, मोठ्यांनी सांगितलं तसा फोन केला, परमुलखात एकटं पोर आहे, त्याला धक्का बसू नये. मी काय वाईट केलं? असं मी माझ्या मनाला सांगत होते. तुझ्या डब्यात येऊन मी कधी बसलेच नव्हते.

दोन दिवस मी त्या नोकरीची तयारी केली. ट्रंक झाडली, दोन भांडी वेगळी काढली. मग पुढचं दिसायला लागलं. बाई रोज विचारणार, आई कशा आहेत? कधी मला ताप आला, कधी तुझं पत्र येईल म्हणून घरी थांबावंसं वाटलं, तर मी म्हणणार, आईला बरं नाही. अम्मीला मला रोज थोडी थोडी आजारी ठेवावी लागली असती. ती दोन वर्षं अंथरुणात झिजली रे. तिला परत तिथे कशी निजवू?

पोस्टकार्ड टाकलं, येऊ शकत नाही म्हणून. कारण लिहिलं नाही. बाईंना वाटेल, आईचं जास्त झालं असेल.

रझिया


रत्नागिरी
१८ एप्रिल २००२

रशीद,

आज जे झालं ते आजच लिहिते. उद्या लिहिलं तर मी त्यातलं काहीतरी मऊ करून टाकीन. माझी ती खोड आहे, हेही आजच कळलं.

मिरकरवाड्यात एक कंपनी आहे. मासळी गोठवून बाहेर पाठवते. ऑफिसात फोनवर बोलायला माणूस पाहिजे असं सगुणाकाकीनं ऐकलं होतं. मी गेले. बाहेरच्या बाकावर एक पोरगा बसला होता, बाजूला काठी टेकवलेली, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. मी शिपायाला विचारलं, साहेब कधी बोलावतील?

पोरानं मान वळवली. "तुमी परत बोला," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"कायपण. 'थांबा हां, वॉर्डात विचारते,' असं बोला."

मला कळलं, रशीद. त्याच्या काठीकडे मी बघितलं नाही. मी म्हटलं, "थांबा हां, वॉर्डात विचारते."

आत बर्फ फोडायचं यंत्र चालू होतं. ते थांबल्यावर त्यानं विचारलं, "बाबा पेज घ्यायचे, असं तुमी रोज सांगायच्यात. खरंच घ्यायचे?"

"घ्यायचे. थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"दोन चमचे."

"तेव्हा नाय सांगितलंत दोन चमचे."

मी म्हटलं, नाही सांगितलं. मग मी त्याच्या पायाबद्दल बोलायला गेले, माफी असा काहीतरी शब्द माझ्या तोंडात आला, तर त्यानं हातानंच थांबवलं. म्हणाला, बाबा गेल्याचं तुम्ही सांगितलंत त्याचा राग मामाला आहे, मला नाही. कुणीतरी सांगायचंच होतं. उलट दोन दिवस बाबा झोपलेत, बाबा झोपलेत म्हणत मला खेळवलं असतं तर मी मामाशी जन्मभर बोललो नसतो.

"माझा राग निराळा हाय," तो म्हणाला. "तुमी फोन ठेवलात."

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, लाईन कट झाली. लाईन कट झाली नव्हती. मी रिसीव्हर ठेवला. दुसऱ्या फोनची घंटा वाजत होती, हे खरं आहे. पण ती वाजली नसती तरी मी ठेवलाच असता. तो रडायला लागेल आणि मला ते ऐकावं लागेल, याची मला भीती वाटली. सांगायचं धैर्य माझ्यात होतं, ऐकायचं नव्हतं.

त्यानं सांगितलं, त्याच्या कार्डात अजून बोलणं शिल्लक होतं. तो तिथल्या फोनच्या काचेच्या खोक्यात हॅलो हॅलो करत राहिला. बाबा कुठे आहेत, आईजवळ कोण आहे, नेलं का नाही, सगळं विचारायचं होतं. परत नंबर फिरवला तर लागेना. बाहेर फोरमनचा हॉर्न. "तुमी फक्त एवढा विचारायचा होता, अरे, तुझ्याजवळ कोण आहे? मी बोललो असतो, कोण नाय. मग तुमीच बोलल्या असत्यात, गाडीवर चढू नको."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याला आत बोलावलं. उठताना काठी घसरली, मी उचलून दिली. त्यानं ती घेतली आणि जरा हसून म्हणाला, "आता मला विचारतील, आधीची नोकरी का सोडली. काय सांगू? तुमचं नाव सांगू?"

मी म्हटलं, सांग.

"नको. गाडीला ढोर आडवा आला, असा सांगतो. ढोरावर कोण केस करत नाय."

तो बाहेर आल्यावर मी गेले. दोघे साहेब होते. एक कागद बघत होता, दुसरा मला. प्रश्न तोच. रशीद, या वेळी मी काही ठरवून गेले नव्हते. मी म्हटलं, "साहेब, मला काढलं. एका मुलाला त्याचा बाप गेल्याचं मी फोनवर सांगितलं आणि फोन ठेवून दिला. काढलं ते सांगितलं म्हणून. खरं तर काढायला हवं होतं ते फोन ठेवला म्हणून."

मग कागद बघणाऱ्यानं चहा मागवला. चहा मी प्याले. त्यांनी इंग्रजी येतं का विचारलं, हिशोब येतो का विचारलं, आणि कळवू म्हणाले.

बाहेर फुजैल थांबला होता. जयगडची एसटी सुटायला वेळ होता म्हणाला. त्यानं माझा फोन नंबर मागितला. माझ्याकडे फोन नाही, म्हणून सगुणाकाकीचा दिला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे फोन घेतले, घरी मात्र एक घेता आला नाही.

आज पहिल्यांदा असं झालं की मुलाखतीहून घरी येताना मी मनात उत्तर बदलत नव्हते. ही जागा मला फार हवी आहे, रशीद. दुसरी कुठली मिळाली नाही तरी चालेल, पण ते उत्तर दिल्यावर ही मिळायला हवी.

रझिया


रत्नागिरी
९ मे २००२

रशीद,

काल सगुणाकाकीनं कुंपणावरून हाक मारली, "रझिया, तुझा फोन आहे गो, कोणतरी पोरगा बोलतोय." मी हात पुसत धावले. ती आंब्याची साटं वाळत घालत होती, हात रसानं भरलेले. तिनं कोपरानं दार ढकललं आणि तशीच उभी राहिली.

"आपा, जयगडवाला फुजैल बोलतोय."

मी म्हटलं, बोल.

"आधी सांगा, जवळ कोण आहे?"

एवढ्यावरच मला सगळं कळलं. तरी मी मागे वळून बघितलं. म्हटलं, "सगुणाकाकी आहे."

"मग बसा जरा."

फोनजवळ स्टूल होतं, त्यावर मी बसले. "बसले," म्हटलं.

"ती जागा मला मिळाली. त्यांचा माल दुबईला जातो, मला मोडकातोडका अरबी येतो, म्हणून. तुमाला त्यांचा कागद येईल दोन दिवसांत. कागदावरून कळायच्या आधी मला सांगायचा होता."

मी मुबारक म्हटलं. मनापासून म्हटलं. मी वाट बघितली, आता ठेवील, आता ठेवील. त्याच्यामागे लिलावाचा गलका ऐकू येत होता, पापलेटची बोली चालली होती, कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी ठेवत नाय. तुमाला ठेवावासा वाटला की तुमी ठेवा."

मग मी रडले, रशीद. काकीच्या पडवीत, तिच्या देखत. नोकरीसाठी रडले असं काकीला वाटलं. तिनं रसाच्या हातानंच माझं डोकं पोटाशी धरलं, माझे केस अजून चिकट आहेत. त्या पोरानं सगळं ऐकलं. मध्ये एकदा त्याला कुणीतरी हाक मारली, तर तो तिकडे ओरडला, थांब, फोनवर माणूस आहे.

या वेळचा तुझा ड्राफ्ट मी आज बँकेत भरला. आधीच्यांपैकी अजून चालतील तेही भरावे लागतील. पाकिटावरचं तुझं अक्षर तेवढं आधी नीट बघून घेतलं. हवेची गादी आनंदीबाईंना दिली, त्यांच्या मालकांच्या अंगावरून वारं गेलंय. त्यांनी खोकं फोडलं आणि फुगवताना दोघी दमलो. तुझ्या परवानगीशिवाय दिली, रागावू नकोस. ती कुणाच्या तरी पाठीखाली जायलाच हवी होती.

दुसरीकडे अर्ज करीन. विचारतील तेच विचारतील, आणि मी आता तेच एक उत्तर देणार आहे. बहुतेक मिळणार नाही.

पण मला तुला एक विचारायचंय. दोन वर्षं मी या पत्रांमधून, त्याआधीच्या पत्रांमधून, तुला समजावत बसले. खरं का सांगितलं नाही, मोठे काय म्हणाले, रिवाज काय आहे. तुझं बोलणं मी ऐकलं असं मला वाटत होतं. त्या सकाळी हॉस्पिटलच्या फोनवरून मी तुला म्हटलं, अम्मीला जरा जास्त आहे, तू निघ. तू म्हणालास, "आपा, किती जास्त?" आणि मी म्हटलं, लाईन नीट नाही, तू निघ. लाईन चांगली होती. तुझा श्वास ऐकू येत होता. तुझ्याही वेळी मी फोन ठेवला, फुजैलच्या आधी कितीतरी. त्याला खरं सांगितलं आणि ठेवला, तुला खोटं सांगितलं आणि ठेवला. खऱ्याखोट्याचं मी इतके दिवस उगाच धरून बसले होते.

रशीद, मी फोन ठेवल्यावर तू कुठे उभा होतास? कामगारांच्या कॅम्पात होतास की कामावर? गादी घ्यायला तुझ्याबरोबर दुकानात कोण आलं? विमानतळावर कुणी सोडलं? तुझ्याजवळ कोण होतं?

एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस. ड्राफ्टच्या मागे नुसतं नाव लिहिलंस तरी चालेल. कुणीच नव्हतं, असं असेल तर तसं लिही.

आपा